कोणता उल्ट्रामॅन ते नंतर, आधी कुठल्या भागातला ते ठरवा

ठाण्याच्या एका वाचकाने विचारलं आहे: लहानपणी शिनचॅनमधला ॲक्शन कामेन आणि पॉवर रेंजर्स पाहिले, आता मूळ जपानी मालिका बघतोय. उल्ट्रामॅन आणि कामेन रायडरने वेड लावलंय. सांधे हलणाऱ्या फिगर्स, म्हणजे या हिरोंच्या छोट्या मूर्ती, जमवायला सुरुवात करायची आहे. नोव्हेंबरात भाऊ कामासाठी तोक्योला जाणार आहे, त्याच्याकडून तीन मागवता येतील. कोणत्या मागवू? बंद खोक्यातल्याच घ्यायच्या का? आणि आपल्या पावसाळ्यात त्या टिकतात का?

मी सोळा वर्षं तोक्योत, निशीकासाईला राहते. तेवढीच वर्षं या फिगर्स जमवतेय आणि ओळखीपाळखीच्यांच्या दुरुस्तही करून देते. माझी सुरुवात मात्र दूरदर्शनवरच्या जायंट रोबोपासून झाली. तो १९६७ चा जपानी कार्यक्रम आहे हे मला इथे आल्यावर कळलं. त्यामुळे शिनचॅनपासून इथवर आलेल्या माणसाला मी अगदी जवळचा समजते.

पहिल्या प्रश्नाला मी सगळ्यात जास्त जागा देणार आहे, कारण तिथे चुकलं की पुढचे पैसे वाया जातात. "उल्ट्रामॅन घ्यायचाय" एवढंच डोक्यात ठेवून दुकानात गेलं की समोर वीस उल्ट्रामॅन उभे असतात, आणि माणूस सगळ्यात चकचकीत खोका उचलतो. दोन महिन्यांनी तो कपाटात मागे जातो, कारण तो आपण पाहिलेला उल्ट्रामॅन नसतोच.

मूळ मालिका १७ जुलै १९६६ ला सुरू झाली आणि ३९ भाग चालली. तेवढ्या भागांत उल्ट्रामॅनचे तीन वेगवेगळे पोशाख वापरले गेले. जमवणारी मंडळी त्यांना ए, बी आणि सी म्हणतात. ए हा पहिल्या १३ भागांतला. त्याच्या चेहऱ्यावर लॅटेक्सचा थर होता, कारण तोंड हलवता यावं अशी आधी कल्पना होती. तोंड काही हललं नाही, लॅटेक्स मात्र राहिलं आणि त्याला सुरकुत्या पडल्या. तोंडाच्या कडेला, गालावर, हनुवटीपाशी. हा चेहरा मला तिन्हींत सगळ्यात जिवंत वाटतो. थकलेला वाटतो, काहीतरी सोसत असल्यासारखा. १४ ते २९ भागांत बी आला, त्याचा चेहरा कडक आणि नितळ. ३० पासून शेवटपर्यंत सी.

आता तुम्ही स्वतःला विचारा, कुठला भाग बघून वेड लागलं? दुसऱ्या भागातला शत्रू बाल्टन असेल किंवा आठव्यातला रेड किंग असेल, तर तुमचा उल्ट्रामॅन ए. तेविसाव्या भागातल्या जमिलाने रडवलं असेल, किंवा २६ आणि २७ मधली गोमोराची ओसाकाच्या किल्ल्यापाशी झालेली लढाई डोळ्यांसमोरून जात नसेल, तर बी. शेवटच्या भागात झेटनसमोर पडलेला उल्ट्रामॅन आठवत असेल, तर सी घ्या, दुसरा कुठलाही घेऊ नका. तिन्हींच्या फिगर्स निघालेल्या आहेत आणि खोक्यावर बहुतेकदा ए, बी, सी लिहिलेलं असतं. भावाला तेवढं एक अक्षर सांगून ठेवा.

रायडरचंही तसंच. कामेन रायडर ३ एप्रिल १९७१ ला सुरू झाला, ९८ भाग चालला. पहिल्या १३ भागांतल्या रायडरचा मुखवटा गडद, काळपट हिरवा आणि पोशाखही जवळजवळ काळा. रात्रीच्या चित्रीकरणात तो अंधारात मिसळून जायचा, म्हणून पुढे रंग उजळले आणि अंगावर पट्टे आले. ५३ व्या भागापासून जो येतो तो नवा पहिला रायडर: उजळ हिरवा मुखवटा, बाजूने दोन पट्टे, चंदेरी हातमोजे आणि बूट. मालिकेत १४ व्या भागापासून आणखी एक, दुसरा रायडरही येतो; त्याचे नव्या रूपातले हातमोजे आणि बूट लाल. दुकानात हे सगळे एका रांगेत उभे असतात आणि लांबून सारखे दिसतात. पट्टे मोजायची सवय लावून घ्या.

या पोशाखांच्या आत कोण होतं, तेही माहीत असावं. सांधे हलणारी फिगर असते ती त्या माणसाचीच. उल्ट्रामॅनच्या आत बिन फुरुया होते. पात्राचं रूप घडवणाऱ्या तोरु नारितांना उंच, लांब हातापायांचा माणूस हवा होता, म्हणून त्यांनी फुरुयांचा आग्रह धरला. फुरुया लढायला उभे राहतात तेव्हा गुडघ्यात वाकतात, पाठीला बाक येतो, दोन्ही हात पुढे आणि बोटं मोकळी. ताठ छाती काढून उभा राहिलेला उल्ट्रामॅन बघितला की मला तो परका वाटतो. म्हणून फिगर घेताना मी पहिल्यांदा पोट बघते. छाती आणि कंबर यांच्यामध्ये सांधा आहे का, तो पुढे किती वाकतो, वाकल्यावर मध्ये भेग दिसते का. पोट वाकत नसेल तर मुखवटा कितीही सुंदर असू दे, त्यातून फुरुया उभे राहत नाहीत.

दुसरी परीक्षा उल्ट्रामॅन शत्रूवर सोडतो त्या स्पेशियम किरणाची. डावा हात आडवा, उजवा उभा, छातीसमोर फुली. ऐकायला सोपं, पण फिगरच्या खांद्याला हा व्यायाम फार जड जातो. साधा गोल खांदा बाजूला आणि वर फिरतो, छातीसमोर येत नाही. त्यासाठी खांद्याचा पूर्ण खोबणीसकट भाग पुढे सरकावा लागतो. चांगल्या फिगरमध्ये तो दोन-तीन मिलिमीटर पुढे येतो आणि दोन्ही मनगटं एकमेकांना टेकतात. वाईट फिगरमध्ये फुली होते, पण मनगटांत बोटभर अंतर राहतं, आणि एकदा ते दिसलं की रोज दिसतं. भावाला दुकानातल्या मांडलेल्या नमुन्यात हेच बघायला सांगा.

रायडरची गोष्ट याहून हृद्य आहे. पहिल्या रायडरचं काम करणारे हिरोशी फुजिओका सुरुवातीला स्वतःच पोशाख घालून काम करत होते. चित्रीकरणात मोटरसायकलवरून पडून त्यांचा पाय मोडला, आणि १४ व्या भागापासून दुसरा रायडर आणावा लागला. आज सगळ्या रायडरांची ओळख बनलेली रूप पालटण्याची हातांची मुद्रा या दुसऱ्याने सुरू केली. आधीच्या रायडरला मुद्रा नव्हती, कमरपट्ट्यातल्या पवनचक्कीला मोटरसायकलच्या वेगाचा वारा लागला की तो पालटायचा. म्हणून जुना पहिला रायडर घेणाऱ्याला आज ना उद्या त्याची सायक्लोन मोटरसायकल हवीशी वाटणारच, आणि ती फिगरपेक्षा महाग पडते. हे आधी माहीत असलेलं बरं. दुसरा रायडर घेतलात तर हातांचे सांधे तपासा: दोन्ही हात एकाच बाजूला आडवे नेता आले पाहिजेत, आणि तेव्हा कोपर दुहेरी वाकलं पाहिजे.

आता बाजारात काय आहे ते. बान्दाई या खेळण्यांच्या कंपनीच्या एस. एच. फिगुआर्ट्स या मालिकेत साधारण १५ सेंटिमीटरच्या फिगर्स २००८ पासून निघतात. उल्ट्रामॅनसाठी २०१० पासून अल्ट्रा-ॲक्ट नावाची वेगळी मालिका होती, पुढे उल्ट्रामॅनही फिगुआर्ट्समध्ये आला. २०१४ मध्ये कामेन रायडर काबुतो या पुढच्या काळातल्या रायडरपासून त्यांनी शिन्कोच्चो सेइहो ही पद्धत आणली. शब्दातच खरं हाड आणि कोरणं आहे. आधी सांगाडा धरायचा, त्यावर शरीर, त्यावर पोशाख, म्हणजे सांधा माणसाच्या सांध्याच्या जागीच येतो. काबुतोच्या आत सेइजी ताकाइवा होते, आणि त्यांची उभं राहण्याची ढब त्या १५ सेंटिमीटरमध्ये उतरली आहे. पैसे मोजके असतील तर मी म्हणेन, साध्या तीन घेण्यापेक्षा या पद्धतीच्या दोन घ्या.

थोडं मागे जाते. सांधे हलणारे टीव्ही हिरो हे काही अलीकडचं खूळ नाही. साठच्या दशकाअखेरीस मुलांच्या हातात होती ती सोफुबी, म्हणजे मऊ व्हिनाइलची पोकळ खेळणी, ज्यांचं डोकं, हात आणि कंबर फार तर गोल फिरायची. १९७२ मध्ये ताकारा या खेळण्यांच्या कंपनीने हेन्शिन सायबॉर्ग काढला: फूटभर उंचीचा, पारदर्शक शरीराचा, आतली यंत्रं दिसणारा, सगळे सांधे हलणारा. त्याला वेगळे मिळणारे पोशाख चढवायचे, की तो कामेन रायडर व्हायचा, उल्ट्रामॅन व्हायचा. एका मुलाकडे एक शरीर आणि चार हिरो! संग्रहालयाच्या काचेआड असा एक सायबॉर्ग मी अर्धा तास बघत उभी होते. कोपराच्या सांध्यावर कुणा मुलाने हाताळून हाताळून पांढरट झालेली जागा होती.

तुमच्या तीनपैकी दोन ठरल्या: तुमच्या भागाचा उल्ट्रामॅन आणि तुमच्या पट्ट्यांचा रायडर. तिसरी मी सांगते ती घ्या. वापरलेली, खोका नसलेली, एखादा हात हरवलेली स्वस्त फिगर. ती शिकायला. सांधा कुठे किती वाकतो, मनगट कसं निघतं, कुठे जोर लावला की तुटतं, हे महागड्या फिगरवर शिकू नका. तिसरी म्हणून गावान घ्यायचा मोह होईल. १९८२ चा हा अंतराळातला शेरीफ आरशासारखा चकाकतो आणि सगळ्यांनाच आवडतो. पण त्याच्यावर धातूचा मुलामा असतो. सांध्यापाशी घासून तो निघतो आणि बोटांचे ठसे बसतात. हात बसल्यावर, वर्षभराने घ्या, आणि सुती हातमोजे घालून हाताळा.

दुसरा प्रश्न, बंद खोक्याचा. सांधे असलेली फिगर बंद ठेवण्यासाठी नसते असं माझं ठाम मत आहे. उघडलेली वापरलेली घेण्यात उलट फायदा आहे. किंमत कमी असते आणि सांधे तपासता येतात. बंद खोक्यातली दहा वर्षांची फिगर आतून कशी झाली आहे हे कुणालाच ठाऊक नसतं.

भाऊ तोक्योत उतरेल तेव्हा त्याला नाकानो ब्रॉडवेला पाठवा. ही इमारत १९६६ ची, म्हणजे उल्ट्रामॅनच्याच वयाची. निशीकासाईहून तोझाई मेट्रोने थेट नाकानोला उतरता येतं, मी गेली सोळा वर्षं त्याच गाडीने जाते. वेगवेगळ्या मजल्यांवर मांदाराके या वापरलेल्या वस्तू विकणाऱ्या कंपनीची लहान लहान दुकानं विखुरलेली आहेत. प्रत्येक खोक्यावर चिठ्ठी असते, आणि त्या चिठ्ठीवरचे तीन शब्द भावाला पाठ करून जायला सांगा. मिकाइफू म्हणजे न उघडलेलं. केप्पिन म्हणजे काहीतरी कमी आहे, आणि काय कमी ते पुढे लिहिलेलं असतं, बहुतेकदा मनगट. जान्कु म्हणजे आहे तसं घ्या, तक्रार चालणार नाही. आत बघायचं असेल तर "नाकामी ओ मिते मो ई देस का" असं विचारायचं. दुकानदार काउंटरवर मऊ कापड अंथरतात आणि खोका अलगद उघडून दाखवतात. घाई करत नाहीत.

तेव्हा तीन गोष्टी बघायच्या. खोक्याच्या मागच्या बाजूला सगळ्या सुट्या भागांचं चित्र असतं, त्याच्याशी हातांच्या जोड्या ताडून पाहायच्या. रायडर असेल तर कपाळावरच्या दोन शृंगिका, म्हणजे कीटकासारख्या मिशा, शाबूत आहेत का ते उजेडात धरून बघायचं. त्या सगळ्यात आधी मोडतात, आणि चिकटवलेल्या असतील तर बुडाशी फिकट रेघ दिसते. मग फिगर उभी करून एका पायावर भार टाकायचा. घोटा हळूहळू कलत गेला तर तो सांधा सैल आहे.

आणखी एक: जुन्या फिगरची किंमत आकाशाला भिडली असेल तर थांबा. लोकप्रिय हिरोंच्या आवृत्त्या पुन्हा निघतात, आणि तशी घोषणा झाली की वापरलेल्यांचे भाव उतरतात.

नकलांबद्दल सांगायलाच हवं, कारण मीही फसले आहे. सुरुवातीच्या काळात ऑनलाइन एका विक्रेत्याकडून निम्म्या किमतीत रायडर मागवला. खोका हुबेहूब. फिगर बाहेर काढली तेव्हा तेलकट वास आला, छातीच्या हिरव्या रंगाची कड वेडीवाकडी होती, आणि पहिला हात बदलताना मनगटाची खुंटी आतच तुटली. ती खुंटी सुईने कोरून काढायला माझी अख्खी संध्याकाळ गेली. अस्सल खोक्यावर निर्मात्यांचा आणि हक्कधारकांचा शिक्का-स्टिकर असतो, पण स्टिकरचीही नक्कल होते. किंमत फार कमी वाटली तर बाजूला व्हा. आणि भावाच्या सामानातून आलं तर उत्तमच. कुरिअरने मागवलेलं पार्सल खेळणं म्हणून धरलं गेलं तर महागात जातं: भारतात खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर गेलं.

तिसरा प्रश्न, पावसाळा. इथे मला कळकळीने सांगायचंय. फूटभर उंचीच्या, कापडी किंवा कृत्रिम चामड्याचा पोशाख घातलेल्या फिगर्स अतिशय देखण्या असतात. माझ्याकडे एक रायडर होता, अंगावर शिवलेला काळा पोशाख, खऱ्या टाक्यांसकट. काही वर्षं तो खोक्यात जपून ठेवला. एका पावसाळ्यानंतर काढला तर खांद्यापाशी बोट लावताच काळे पापुद्रे निघून बोटाला चिकटले. कृत्रिम चामड्यातलं पॉलियुरेथेन हवेतल्या ओलाव्याने विघटित होतं. वापरा, न वापरा, ते होतच राहतं. तोक्योत हे झालं, तर ठाण्यात जून ते सप्टेंबर काय होईल याचा विचार करा. ठाण्यात राहणाऱ्याने संपूर्ण प्लास्टिकच्या, रंगवलेल्या पोशाखाच्या फिगर्सच घ्याव्या.

प्लास्टिकच्या फिगरला ओलाव्यापेक्षा ऊन आणि उष्णता जास्त छळते. मऊ भागांमध्ये, म्हणजे रायडरचा लाल गळपट्टा वगैरे, पीव्हीसी असतं. ते मऊ राहावं म्हणून घातलेला तेलकट अंश उन्हाळ्यात बाहेर येतो आणि पृष्ठभाग चिकट होतो. घाबरू नका. कोमट पाण्यात भांडी घासायच्या सौम्य साबणाचा एक थेंब टाकून मऊ ब्रशने धुवा, सावलीत सुकवा. स्पिरिट, ॲसिटोन, नेलपॉलिश काढायचं द्रव यांपैकी काहीही लावू नका, रंग जाईल. खिडकीसमोर ठेवू नका, पांढरा भाग पिवळा पडतो. काचेचं कपाट, आत सिलिकाच्या रंग बदलणाऱ्या मण्यांची डबी. मणी निळ्याचे गुलाबी झाले की बदला. पावसाळ्यात हे दर पंधरवड्याला करावं लागेल.

सांधा सैल होणारच, कारण तुम्ही फिगर हाताळणार. माझ्या एका जुन्या उल्ट्रामॅनचं उजवं कंबर-जोड असं सैल झालं की त्याला ती वाकलेली मुद्रा दिली की पाच मिनिटांत तो कलंडायचा. केस वाळवायच्या यंत्राच्या कमी झोताने मी तो जोड अर्धा मिनिट ऊबवला, मांडी हळूच ओढली, सांध्यातली गोळी बाहेर आली. गोळीवर पाण्यात विरघळणाऱ्या पारदर्शक ॲक्रिलिकचा पातळ थर टूथपिकने लावला. थर दिसतही नव्हता. अख्खा दिवस सुकू दिला. घाई केली तर गोळी आत चिकटते. परत बसवली तेव्हा सांध्याने अगदी बारीक कर्र केलं आणि पाय जिथे ठेवला तिथे थांबला. उलट नवा सांधा कडक असेल तर त्यावर जोर लावू नका. तो भाग गरम पाण्यात अर्धा मिनिट धरा, मग फिरवा, आणि गरज पडलीच तर सिलिकॉन तेलाचा थेंब. यंत्राचं किंवा सायकलचं तेल नको, त्याने प्लास्टिकला चिरा जातात. झटपट गोंद सांध्यात मुळीच घालू नका. त्याच्या वाफेने आजूबाजूचा रंग पांढरट होतो.

आणि भावाला एवढं सांगा की तिन्ही फिगर्स हातातल्या पिशवीत आणायच्या, चेक-इनच्या सामानात टाकायच्या नाहीत, आणि निघण्याआधी हॉटेलच्या पलंगावर चादर पसरून सुटे हात एकदा मोजून घ्यायचे. वापरलेल्या खोक्यात एखादी मूठ प्लास्टिकच्या साच्याखाली सरकून बसलेली असते. साचा उचलून बघायचा.